क्रिस्टल सिटी

क्रिस्टल सिटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सस राज्याच्या झावाला परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ६,३५४ (२०२०). हे राज्याच्या नैर्ऋत्य भागात, न्यूएसेस नदीच्या खोऱ्यात, सॅन अँटोनिओच्या नैर्ऋत्येस सु. १९० किमी. वर वसले आहे. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील ईगल पास हे गाव येथून पश्चिमेस सु. ७० किमी. आहे. बहुसंख्य रहिवासी मेक्सिकन वंशाचे असून घरोघर स्पॅनिश भाषा बोलली जाते. विस्ताराने लहान असलेल्या या नगरास विसाव्या शतकातील अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात जे स्थान मिळाले, ते दोन कारणांनी : दुसऱ्या महायुद्धातील येथील स्थानबद्धांची छावणी आणि १९६३ ते १९७० या काळात येथे घडलेले सत्तांतर.

गुरांच्या चराईसाठी वापरल्या जाणाऱ्या या ओसाड मुलखात १९०५ मध्ये कार्ल ग्रूस व ई. जे. बकिंगहॅम यांनी सु. ४,००० हेक्टरांचे एक पशुक्षेत्र खरेदी केले आणि त्याचे तुकडे पाडून ते शेतकऱ्यांस विकावयास काढले. भूगर्भातील आर्टेशियन विहिरींना लागलेल्या स्फटिकासारख्या निर्मळ पाण्यावरून गावास हे नाव पडले. १९०८ मध्ये लोहमार्ग आला, १९१० मध्ये नगरपालिका स्थापन झाली व १९२८ मध्ये परगण्याचे ठाणे बेट्सव्हिलहून येथे हलविण्यात आले. सौम्य हिवाळा, विहिरींचे पाणी आणि उत्तरेकडील शहरांशी रेल्वेने झालेले दळणवळण यांमुळे ऐन थंडीत भाजीपाला पिकवून बाजारात धाडणे शक्य झाले. कांद्याच्या जोडीला पालकाचे पीक एवढे वाढले की, गाव स्वतःस ‘जगाची पालक-राजधानी’ म्हणवू लागले. १९३६ मध्ये पालक-महोत्सव सुरू झाला आणि पालक खाऊन बळ कमावणाऱ्या पॉपाय या व्यंगचित्रातील खलाशाचा पुतळा १९३७ मध्ये उभारण्यात आला.

या पिकामागील श्रम मात्र मेक्सिकन मजुरांचे होते. १९१० नंतरच्या मेक्सिकन राज्यक्रांतीच्या धामधुमीत अनेक कुटुंबे रीओ ग्रांदे ओलांडून आली. हिवाळ्यात पालक व कांदा काढावयाचा आणि वसंत ऋतूत मुलाबाळांसह मालमोटारींत बसून उत्तरेकडील राज्यांत बीटच्या शेतांवर जावयाचे, असा त्यांचा वार्षिक क्रम असे. या स्थलांतरामुळे मुलांची शाळा वर्षातून काही महिनेच होई आणि बहुतेकांचे शिक्षण प्राथमिक इयत्तांतच संपे. जमीन, दुकाने, नगरपरिषद व शाळामंडळ ही सर्व अल्पसंख्य अँग्लोंच्या, म्हणजे इंग्रजी भाषिक गोऱ्यांच्या, हाती होती.

महायुद्धकाळात स्थलांतरित मजुरांसाठी बांधलेली येथील सरकारी वसाहत देशांतर व नागरिकीकरण खात्याने ताब्यात घेतली आणि १९४२ च्या अखेरीस तेथे शत्रुराष्ट्रीय म्हणून स्थानबद्ध केलेल्यांच्या कुटुंबांसाठी छावणी उघडली. जर्मन, जपानी व थोडे इटालियन असे एकूण ३,३७४ लोक १९४४ च्या डिसेंबरात येथे होते. त्यांतील अनेक मुले अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन नागरिक होती. काटेरी तारांच्या कुंपणात अमेरिकन, जर्मन व जपानी अशा तीन पद्धतींच्या शाळा चालत. सर्वांत विचित्र स्थिती पेरू इ. देशांतून आणलेल्या जपान्यांची होती. अमेरिकेच्या सांगण्यावरून त्यांना त्यांच्या देशांत पकडण्यात आले, वाटेत त्यांचे पारपत्र काढून घेण्यात आले आणि मग परवान्याविना प्रवेश केल्याचा ठपका त्यांच्यावरच ठेवण्यात आला. शत्रूच्या ताब्यातील अमेरिकनांच्या मोबदल्यात देण्यासाठी ही माणसे हवी होती, हे त्यामागील खरे कारण. युद्ध संपल्यावर पेरूने बहुतेकांना परत घेण्याचे नाकारले व अनेकांना न पाहिलेल्या जपानात जावे लागले. छावणी १९४८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे युद्धसमाप्तीनंतर अडीच वर्षांनी, बंद झाली. १९८८ च्या कायद्याने जपानी-अमेरिकनांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मिळाली. लॅटिन अमेरिकेतून आणलेल्यांना तीतून वगळले गेले आणि १९९८ मधील न्यायालयीन तडजोडीत केवळ ५,००० डॉलर देऊ करण्यात आले.

युद्धोत्तर काळात येथे कॅलिफोर्निया पॅकिंग कॉर्पोरेशनचा (पुढे डेल माँटे) भाजीपाला डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. त्यातील कामगारांची टीमस्टर्स ही संघटना पुढील घडामोडींत निर्णायक ठरली. कारण शेतमालकावर अवलंबून नसलेला, संघटित असा मेक्सिकन कामगार गावात प्रथमच निर्माण झाला. त्या वेळी टेक्ससमध्ये मतदानासाठी १·७५ डॉलर वार्षिक कर भरावा लागे. शेतमजुराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कामगार संघटना व स्पॅनिश भाषिकांची ‘पासो’ ही राजकीय संस्था यांनी दारोदार फिरून हा कर भरून घेतला. परिणामी मेक्सिकन मतदार अँग्लो मतदारांच्या सु. दुप्पट झाले आणि एप्रिल १९६३ मध्ये नगरपरिषदेच्या पाचही जागा मेक्सिकन-अमेरिकनांनी जिंकल्या. क्वान कोर्नेहो महापौर झाले. राज्याचे सशस्त्र रेंजर पोलीस गावात गस्त घालीत होते. निवडून आलेल्यांपैकी एकास नोकरी गमवावी लागली व दुसऱ्याचे वेतन निम्म्यावर आणले गेले. अनुभवाचा अभाव व आपसांतील बेबनाव यांमुळे १९६५ मध्ये ही सत्ता गेली.

दुसरे आंदोलन शाळेत उद्‌भवले. विद्यार्थ्यांत मेक्सिकन मुले प्रचंड बहुसंख्य असतानाही क्रीडासामन्यांतील चार प्रोत्साहक मुलींपैकी तीन अँग्लो असाव्यात, असा संकेत होता. १९६९ मध्ये माजी विद्यार्थी संघाने आपल्या समारंभाच्या राणीपदासाठी आई किंवा वडील याच शाळेचे पदवीधर असण्याची अट घातली. मागील पिढीला शिक्षणच मिळाले नसल्याने मेक्सिकन मुली जवळजवळ आपोआप बाद झाल्या. निमित्त क्षुल्लक वाटले, तरी अटीतील अन्याय प्रत्येक घराला कळण्याजोगा होता. ९ डिसेंबर १९६९ रोजी विद्यार्थी वर्गांबाहेर पडले. द्वैभाषिक शिक्षण, मेक्सिकन शिक्षकांची नेमणूक व स्पॅनिश बोलण्याबद्दलची शिक्षा रद्द करणे या मागण्या पुढे आल्या. शाळेचे अनुदान हजेरीवर अवलंबून असल्याने बहिष्काराची झळ मंडळास तत्काळ लागली आणि केंद्रीय न्याय खात्याच्या मध्यस्थीनंतर जानेवारी १९७० मध्ये बहुतेक मागण्या मान्य झाल्या.

आंदोलनाचे सूत्रधार होसे आंखेल गुत्येर्रेस (जन्म १९४४) हे याच गावचे. १७ जानेवारी १९७० रोजी येथे ‘ला रासा उनीदा’ (संघटित जन) या पक्षाची स्थापना झाली व एप्रिलमध्ये त्याच्या उमेदवारांनी शाळामंडळात व नगरपरिषदेत विजय मिळविला. शाळांत द्वैभाषिक अध्यापन सुरू झाले आणि मेक्सिकन शिक्षक व अधिकारी यांची संख्या वाढली. अनेक अँग्लो कुटुंबांनी आपली मुले काढून घेतली. १९७२ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत पक्षाचे रॅम्झी मून्यीस यांनी सु. ६ टक्के मते मिळविली. गुत्येर्रेस १९७४ मध्ये परगण्याचे न्यायाधीश (प्रशासनप्रमुख) म्हणून निवडून आले. तथापि अंतर्गत फुटीने पक्ष पोखरला आणि १९७८ नंतर तो राज्याच्या राजकारणातून नाहीसा झाला. शेतमालकी व व्यापार यांवरील अँग्लोंचे वर्चस्व मतपेटीने फारसे हलले नव्हते, ही या प्रयोगाची मोठी मर्यादा होय. तिचा प्रत्यय १९७७ मध्ये आला : पुरवठादार कंपनीने वाढविलेला नैसर्गिक वायूचा दर देण्यास नगरपालिकेने नकार दिल्यावर संपूर्ण गावाचा पुरवठा तोडण्यात आला आणि रहिवाशांवर लाकूडफाटा जाळण्याची वेळ आली.

१९९० मध्ये ८,२६३ असलेली लोकसंख्या पुढे घटत गेली. २०१६ च्या फेब्रुवारीत महापौर, नगरव्यवस्थापक व परिषदेचे काही सदस्य यांना लाचखोरीच्या आरोपांवरून केंद्रीय पोलिसांनी अटक केली व त्यांपैकी काहींवरील आरोप न्यायालयात सिद्ध झाले. डेल माँटे कंपनीने येथील कारखान्यातून अंग काढून घेत असल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले. छावणीच्या जागेची नोंद २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत करण्यात आली. तिच्या बऱ्याच भागावर शाळेच्या इमारती असून जुन्या पोहण्याच्या तलावाचे अवशेष दिसतात. पालक-महोत्सव नोव्हेंबरमध्ये भरतो.