गावात विज्ञान केंद्र चालवताय? साहित्य कुठून मिळतं, पैसे कोण देतं?

समाजमंदिरात दर रविवारी मुलांना जमवून प्रयोग दाखवणारी निवृत्त शिक्षिका. गच्चीवर दुर्बीण लावून आख्ख्या गल्लीला शनीची कडी दाखवणारा मेकॅनिक. वाचनालयाच्या एका खोलीत गणिताचे खेळ घेणारी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. ही मंडळी शाळेच्या पगारावर नाहीत आणि परीक्षा घेत नाहीत, पण विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, म्हणजे हल्लीच्या भाषेत 'स्टेम', हेच विषय शिकवतात. याला अनौपचारिक विज्ञान शिक्षण म्हणतात.

अशा कामासाठी भारतात मदत मिळते का? मिळते. पण बहुतेक योजनांचा पैसा नोंदणी असलेल्या संस्थेला किंवा शाळेला मिळतो, एकट्या माणसाला नाही. शिवाय तो वस्तूंसाठी सहज मंजूर होतो, शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी मात्र अवघड जातो. या दोन गोष्टी आधीच माहीत असल्या तर अर्ज लिहिण्यात वर्ष वाया जात नाही.

आधी फुकट काय मिळतं ते घ्या

सुरुवात अरविंद गुप्ता यांच्यापासून करावी लागते. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या त्यांच्या कृती, छोटे व्हिडिओ आणि शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत.

त्यांची सेलवर चालणारी मोटार घ्या. लागतं काय? एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, जुन्या स्पीकरमधला चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली मुलामा दिलेली तांब्याची तार. तारेचे दहा-बारा वेढे सेलवरच गुंडाळून कडं करायचं आणि दोन टोकं दोन बाजूंना सरळ बाहेर काढायची. एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. मुलं हमखास दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात, मग कडं जागच्या जागी डुलत राहतं. अर्धी बाजू राखली की अर्ध्या फेरीत वीज तुटते, कडं आपल्या वेगाने पुढे जातं आणि फिरू लागतं. वीस-पंचवीस रुपयांत, मोटारीत प्रवाह वेळेवर तोडावा किंवा उलटावा का लागतो हे मुलांना हाताने कळतं. तयार किट विकत घेण्याआधी अशा वीस कृती स्वतः करून बघाव्यात असं मला वाटतं. किट महाग असतं आणि एक भाग हरवला की कपाटात जातं.

मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे प्राथमिक वयापासून ऑलिम्पियाडपर्यंतचं साहित्य तयार होतं. त्यांच्या 'विज्ञान प्रतिभा' प्रकल्पातले उपक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चांगले आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये विज्ञान कृती केंद्र आहे. गणितासाठी नवनिर्मिती संस्थेची साधनं बघा. मराठीत वाचायला 'शैक्षणिक संदर्भ'चे जुने अंक आजही उपयोगी पडतात. एखादा लॅपटॉप असेल तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स उतरवून घेता येतात, नंतर इंटरनेट लागत नाही.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रामन विज्ञान केंद्र ही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची केंद्रं. परिषदेच्या केंद्रांची फिरती प्रदर्शनं बसमधून गावोगावी जातात. बस मागवायची तर जवळच्या शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, काम सोपं होतं. पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला. हातांनी काम करत शिकणं म्हणजे काय, हे एकदा तिथे जाऊन पाहण्यासारखं आहे.

आणि शून्य सावली दिवस विसरू नका. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ पावसाळ्यात येते, तेव्हा ढगांचा भरवसा नाही. मे महिन्यातली तारीख धरा. खर्च शून्य, गर्दी मोठी. पुढे देणगी मागायला जाताना दाखवायला फोटोही मिळतात.

सरकारी पैसा: बराचसा शाळेच्या दारातून येतो

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची 'अटल टिंकरिंग लॅब' ही यातली सर्वात ठळक योजना. मूळ योजनेत निवडलेल्या शाळेला कमाल २० लाख रुपये मिळतात: १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाला. देशात अशा १० हजार लॅब झाल्या आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली.

तुम्ही शाळा नाही, मग तुमचा काय संबंध? थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर आले, पण ते हाताळायला वेळ असलेला माणूस नाही, ही अनेक शाळांची अडचण असते. तुमच्याकडे वेळ आहे, कौशल्य आहे, जागा आणि यंत्रं नाहीत. तेव्हा मुख्याध्यापकांना भेटा आणि 'शनिवारी दुपारी लॅब मी चालवतो, माझ्या केंद्रातल्या मुलांनाही येऊ द्या' असं सुचवा. चालवण्याच्या खर्चातून मानधन बसतं का, हेही तिथेच विचारा. लाजायचं कारण नाही. 'मेंटॉर ऑफ चेंज' म्हणून नाव नोंदवण्याची सोय मिशननेच केली आहे, पण ते काम स्वयंसेवी आहे, त्यात पैसे मिळत नाहीत.

'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना मागवल्या जातात. निवड झालेल्या मुलाच्या खात्यात मॉडेल बनवायला १० हजार रुपये थेट जमा होतात. नामांकन शाळेनेच करायचं असतं आणि एका शाळेच्या कल्पनांची संख्या मर्यादित असते. म्हणून तुमच्या केंद्रातल्या मुलीची कल्पना चांगली असेल तर तिच्या वर्गशिक्षकांना वेळेत गाठा. हा पैसा मुलीचा आहे, केंद्राचा नाही, हे पालकांसमोर स्पष्ट बोलून ठेवावं.

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागात राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद आहे. १९८२ पासून काम करणारी ही परिषद विज्ञान प्रसाराच्या प्रकल्पांना अनुदान देते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांसाठी राज्यांच्या विज्ञान परिषदांमार्फत निधी येतो. आपल्याकडे राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, त्याच्या सूचनांवर लक्ष ठेवा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतही नावीन्यपूर्ण योजनांना जागा असते. तिथे मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची साथ लागते, नुसत्या अर्जाने काम होत नाही.

एक सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'विज्ञान अनुदान यादी'त विज्ञान प्रसार या संस्थेचं आणि तिच्या 'विपनेट' क्लबांचं नाव अजून दिसतं. १९८९ साली सुरू झालेली ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली. यादी कितीही छान दिसली तरी योजनेची चालू वर्षाची जाहिरात सापडेपर्यंत अर्ज लिहायला बसू नका.

कंपन्यांचा सीएसआर

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. शिक्षण त्या यादीत आहे. म्हणजे तालुक्याच्या एमआयडीसीतला एखादा कारखानाही यात बसू शकतो.

पण कंपनी कामासाठी ज्या संस्थेला पैसे देते, ती नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालची कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकर खात्याची '१२ए' आणि '८०जी' नोंदणी हवी, 'सीएसआर-१' हा अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. नवं केंद्र इथेच अडकतं.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, स्वतःची संस्था नोंदवून तीन वर्षं छोट्या देणग्यांवर काढणं. सोसायटीला किमान सात सदस्य लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोब द्यावे लागतात. दुसरी, जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली काम करणं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे आणि तिचे विभाग महाराष्ट्रभर, राज्याबाहेरही आहेत. खगोलात रस असेल तर १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ आहे. गावातलं शंभर वर्षांचं वाचनालयही चालेल. माझा कौल पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्या वाटेला. मुलांना शिकवायला निघालेला माणूस ऑडिट रिपोर्ट आणि बदल अर्जांत अडकला की रविवारचा वर्ग आधी बंद पडतो. फक्त यजमान संस्थेशी लेखी ठरवा: पैसा कोणत्या खात्यात येईल, सही कोण करेल, साहित्य कोणाच्या मालकीचं राहील.

परदेशातली मावशी आणि एफसीआरए

खगोलशास्त्राच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाचं केप टाउनमधलं विकास कार्यालय जगभरातून प्रस्ताव मागवतं. आपल्याकडचे अमेरिकेतले नातेवाईकही मदत पाठवायला तयार असतात. पण परदेशी देणगी स्वीकारायला परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ही नोंदणी साधारणपणे तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेल्या संस्थेलाच मिळते.

इथे एक बारकावा आहे. परदेशात राहणारी पण भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तीच मावशी अमेरिकन नागरिक झाली असेल, तर ओसीआय कार्ड असूनही धरली जाते. म्हणून देणगी घेण्याआधी पासपोर्ट कोणता, हे विचारा आणि उत्तर फायलीत ठेवा. आणि एफसीआरए असलेल्या ओळखीच्या संस्थेने पैसे घेऊन तुमच्या संस्थेकडे वळते करायचे, ही जुनी पद्धत २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झाली आहे.

देशातल्या देशात लोकवर्गणी काढतानाही स्वतःच्या यूपीआयचा क्यूआर कोड पोस्टवर टाकू नका. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती सगळी तुमचं करपात्र उत्पन्न ठरते. यजमान संस्थेचं खातं द्या आणि पावती द्या.

मागायचं किती?

समजा ३० मुलं, वर्षातले ४० रविवार. दर मुलामागे दर वेळी २० रुपयांचं साहित्य धरलं तर २४ हजार. शिकवणाऱ्याला एका सत्राचे ८०० रुपये धरले तर ३२ हजार. एक विज्ञान जत्रा, झेरॉक्स, प्रवास मिळून ६ हजार. एकूण ६२ हजार, म्हणजे एका मुलामागे वर्षाला साधारण २,०७० रुपये. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण पाहा, मोठा खर्च माणसाचाच आहे. प्रस्तावात अनेक जण तो लाजून शून्य दाखवतात, आणि काम सोडून जावं लागलं की केंद्राबरोबर साहित्यही धूळ खातं. मानधन वेगळ्या ओळीत लिहा. देणाऱ्याने कापलं तर निदान काय कापलं ते त्याला दिसेल.

देणारे 'किती मुलांपर्यंत पोहोचलात' असं विचारतात आणि मग एका दिवसाच्या कार्यक्रमातली दोन हजार मुलं प्रस्तावात येतात. तीस मुलं चाळीस वेळा आली, हा आकडा त्याहून वजनदार आहे, फक्त तो सिद्ध करता यायला हवा. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते: तारीख, हजेरी, काय केलं, काय फसलं आणि मुलांनी विचारलेला एक प्रश्न त्यांच्याच शब्दांत. फोटो वापरायचे तर पालकांची लेखी संमती त्याच वहीला टाचून ठेवा.

वेळेचंही पाहा. कंपन्यांचं आर्थिक वर्ष सहसा एप्रिल ते मार्च असतं. प्रस्ताव घेऊन पावसाळ्याआधी भेटणं चांगलं. फेब्रुवारीत गेलात तर उरलेल्या रकमेतून एखादा प्रोजेक्टर मिळेल, वर्षभराचं मानधन नाही. सरकारी अनुदानाचा विचार असेल तर यजमान संस्थेचा नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवरचा क्रमांक आहे का, ते आजच विचारून ठेवा. तो मोफत मिळतो, पण पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधारचे तपशील जुळवताना वेळ जातो.