उंबरठ्याबाहेरचे सल्लागार

शिक्षणसंस्थांचा इतिहास बहुधा संस्थापक आणि प्रमुख यांच्या नावाने लिहिला जातो. ज्यांनी संस्थेत कोणतेही पद भूषवले नाही, वेतन घेतले नाही, पण ऐन अडचणीच्या वेळी दिशा दाखवली, त्यांच्या वाट्याला आभाराचे एखादे वाक्य येते. अशा 'बाहेरच्या' माणसांचे दोन प्रकार असतात. काही जण केवळ पदाने बाहेरचे असतात. एरवी ते आतल्यांचेच सगेसोयरे. दुसऱ्यांना संस्थेनेच बाहेर ठेवलेले असते. कोणत्या बाहेरच्यांचे ऐकले जाते, केव्हा ऐकले जाते, आणि त्याने संस्था किती बदलते, हे पाहायचे तर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पहिली वीस वर्षे अभ्यासण्यासारखी आहेत.

बॉल्टिमोरचा धनाढ्य व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३च्या डिसेंबरात वारला. त्याने मागे ठेवलेल्या सत्तर लाख डॉलरांपैकी निम्मे विद्यापीठासाठी होते, निम्मे रुग्णालयासाठी. विश्वस्त बारा; त्यांतले बरेचसे क्वेकर पंथाचे, आणि धंदा किंवा वकिली करणारे. विद्यापीठ कसे चालवतात याचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता, पण आपल्याला ते ठाऊक नाही याची जाण मात्र होती, आणि हे भांडवल लहान नव्हे. १८७४मध्ये त्यांनी तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना पाचारण केले : हार्वर्डचे चार्ल्स एलियट, कॉर्नेलचे अँड्र्यू व्हाइट आणि मिशिगनचे जेम्स एंजल. (अमेरिकेत विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात.) उद्याच्या प्रतिस्पर्ध्याला आज मोफत सल्ला देण्याचे औदार्य तिघांनीही दाखवले. नव्या विद्यापीठाचा अध्यक्ष कोण असावा, या प्रश्नाला तिघांनी एकच नाव दिले : डॅनियल कॉइट गिलमन. त्या वेळी ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १८७५मध्ये ते बॉल्टिमोरला आले.

गिलमन स्वतःही विचारून पाऊल टाकणारे गृहस्थ होते. बॉल्टिमोरला आल्यावर त्याच वर्षी ते युरोपात जाऊन तेथील विद्वानांचे मत घेऊन आले. गणिताच्या अध्यासनासाठी सिल्व्हेस्टर यांचे नाव पुढे आले ते बेंजामिन पीअर्स आणि जोसेफ हेन्री यांच्यासारख्या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या शिफारशीने. ज्यू असल्यामुळे सिल्व्हेस्टर यांची इंग्लंडमध्ये उपेक्षा झाली होती. साठी ओलांडल्यावर ते बॉल्टिमोरला आले आणि अमेरिकेत गणिताच्या संशोधनाचा पाया घातला गेला.

पण सल्ला ऐकणे म्हणजे सल्ला मानणे नव्हे. पदवीनंतरच्या अभ्यासावर आणि संशोधनावर भर देणारे विद्यापीठ अमेरिकेत मूळ धरील, याविषयी एलियट साशंक होते. विश्वस्तांनी आणि गिलमन यांनी नेमके तसेच विद्यापीठ उभारले. पुढे १९०२मध्ये, हॉपकिन्सच्या पंचविसाव्या वर्षाच्या समारंभात, एलियट यांनीच मोकळेपणाने मान्य केले की या उदाहरणाचा रेटा बसेपर्यंत हार्वर्डमधील उच्च अभ्यासाची शाखा नीट वाढली नव्हती.

त्याच १८७४च्या चर्चेत आणखी एक प्रश्न निघाला होता : स्त्रियांना प्रवेश द्यावा काय? व्हाइट आणि एंजल यांच्या विद्यापीठांत मुली मुलांबरोबर शिकत होत्या. एलियट यांचा मात्र सहशिक्षणाला स्पष्ट विरोध होता. विश्वस्तांनी दार बंदच ठेवले. पदव्युत्तर अभ्यासाच्या बाबतीत एलियट यांची शंका बाजूला सारणारी संस्था स्त्रियांच्या बाबतीत त्यांच्याच बाजूला जाऊन उभी राहिली. सल्लागार पुष्कळ असले की मनात आधीच ठरलेल्या गोष्टीला दुजोरा देणारा एखादा सापडतोच.

या बंद दाराशी आलेली पहिली महत्त्वाची व्यक्ती परकी नव्हती. मार्था केरी थॉमस ही विश्वस्तांपैकीच एक, जेम्स केरी थॉमस, यांची मुलगी. व्हाइट यांच्या कॉर्नेलमधून ती १८७७मध्ये पदवीधर झाली आणि हॉपकिन्समध्ये उच्च अभ्यासासाठी अर्ज करती झाली. तिला प्रवेश मिळाला तो विलक्षण अटीवर : प्राध्यापकांचे मार्गदर्शन घ्यावे, परीक्षा द्यावी, वर्गात मात्र बसू नये. वर्षभराने तिने तो नाद सोडला. पुढे लाइपत्सिगला अभ्यास करून १८८२मध्ये तिने झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळवली, आणि १८८४मध्ये ब्रिन मॉर या नव्या स्त्री-महाविद्यालयाची ती डीन झाली.

यानंतर संस्थेवर संकट आले ते पैशाचे. विद्यापीठाच्या निधीचा मोठा भाग बॉल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या समभागांत गुंतला होता. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांवरचा लाभांश थांबला. रुग्णालयाचा निधी वेगळा असल्याने ते १८८९मध्ये सुरू झाले. वेल्च आणि ऑस्लर यांच्यासारखे वैद्य नेमलेही गेले होते. परंतु वैद्यकीय महाविद्यालय उघडण्यास पैसाच उरला नाही.

अशा वेळी पुढे आल्या त्या केरी थॉमस, तिची मैत्रीण मेरी गॅरेट, मेरी ग्विन, एलिझाबेथ किंग आणि ज्युलिया रॉजर्स. यांतील चौघी विश्वस्तांच्याच कन्या होत्या, आणि मेरीचे वडील तर त्याच रेल्वेचे अध्यक्ष राहिलेले. १८९०मध्ये त्यांनी शहरोशहरी स्त्रियांच्या समित्या उभारून एक लाख डॉलर जमवले आणि ते एका अटीवर देऊ केले : स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा. वेगळे स्त्री-वैद्यकीय महाविद्यालय त्यांना नको होते. तसे एक जवळच फिलाडेल्फियात होते. आपल्या आनंदीबाई जोशी तेथूनच १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. थॉमस-गॅरेट यांना मात्र हवा होता तोच वर्ग आणि तेच बाक. विश्वस्तांनी अट स्वीकारली, पण निधी पाच लाखांचा होईपर्यंत महाविद्यालय उघडणार नाही, असे ठरवले. १८९२च्या डिसेंबरात उरलेले ३,०६,९७७ डॉलर मेरी गॅरेटने स्वतः देऊ केले आणि त्याबरोबर अटी वाढवल्या : प्रवेशार्थी पदवीधर असावा, त्याला फ्रेंच आणि जर्मन यावी, विज्ञानाची पूर्वतयारी असावी. त्या काळच्या अनेक अमेरिकी वैद्यकीय शाळांत पदवी सोडाच, शालेय शिक्षण पुरे झालेले असण्याचाही आग्रह नव्हता. या अटींवर आपल्याला विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता, असे ऑस्लर वेल्चना गमतीने म्हणाल्याचे सांगतात.

गिलमन यांना या अटी रुचल्या नाहीत. त्यांची नाराजी सर्वस्वी अनुदार म्हणता येणार नाही. देणगीदाराने प्रवेशाचे नियम ठरवावेत काय, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. पण या अटी आल्या कोठून? शैक्षणिक पात्रतेचा आराखडा खुद्द वेल्च यांनी आधी मांडलेल्या विचारांतून घेतलेला होता. म्हणजे या स्त्रियांनी संस्थेवर परके काही लादले नाही. संस्थेने स्वतःविषयी जे बोलून दाखवले होते, ते करून दाखवा एवढेच म्हटले. तिघा अध्यक्षांचा सल्ला मानला काय, न मानला काय, त्यांचे काही बिघडत नव्हते. या स्त्रियांचे बिघडत होते. म्हणूनच त्यांच्या सल्ल्याला अटीची धार होती.

१८९३च्या ऑक्टोबरात महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. पुढे लेखिका म्हणून गाजलेली गर्ट्रूड स्टाइन येथेच चार वर्षे शिकली, पदवी न घेताच बाहेर पडली. १९००मध्ये पदवीधर झालेल्या फ्लॉरेन्स सेबिन १९१७मध्ये तेथेच पूर्ण प्राध्यापक झाल्या.

हा विजय मात्र एका दाराचाच होता. विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गांत स्त्रियांना सरसकट प्रवेश मिळण्यास १९०७ साल उजाडले, पदवीच्या वर्गांत १९७०. १९१०मध्ये फ्लेक्सनर अहवालाने हॉपकिन्सला देशाचा मापदंड ठरवले आणि कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी टिकवण्याजोग्या दोनच ठरवल्या. हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो १९६०च्या दशकात. स्वतः केरी थॉमस ब्रिन मॉरच्या अध्यक्ष झाल्यावर कृष्णवर्णीय आणि ज्यू यांच्याविषयी तितक्याच अनुदार निघाल्या. उंबरठा ओलांडून आत आलेला माणूस बाहेरच्यांना विसरत नाही, असे इतिहास सांगत नाही.

गिलमन यांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. आपल्यासारख्यांचे त्यांनी मनापासून ऐकले. आपल्यापेक्षा वेगळ्यांचे ऐकले ते तिजोरी रिती झाल्यावर. आपल्याही महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत सल्लागार मंडळाची नावे छापलेली असतात : एखादे निवृत्त कुलगुरू, एखादे उद्योगपती, एखादे नामवंत माजी विद्यार्थी. ही यादी वाचताना त्यांची योग्यता आपण पाहतोच. त्यांपैकी कितीजण कधीकाळी त्या दाराबाहेर उभे राहिले होते, हेही विचारायला हवे.