विषारी वायु आणि राहिलेली विचारपूस



आमच्या कर्जत-खालापूर भागांत नळाच्या पाण्याला कधीं कधीं एक उग्र वास येतो. तो क्लोरीनचा, हें शाळेंतलें पोरहि सांगेल. क्लोरीन पाण्यांतील रोगजंतु मारतो, एवढा धडा मीं वर्षानुवर्षें शिकविला. त्याच वायूची दुसरी कथा सांगावयाची राहिली. ती आज सांगतों.

२२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें हा वायु वाऱ्यावर सोडला. चारच दिवसांनीं हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन तेथें चढाईस गेली. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या दोन कंपन्या याच डिव्हिजनमध्यें होत्या. त्या दिवशींहि वायु आला. नाकातोंडावर ओलें फडकें धरणें, एवढाच काय तो बचाव! जमादार मीर दस्त यांनीं त्या रणांतून आठ अंमलदारांना उचलून आणलें. ब्रायटन येथें खुद्द बादशहांनीं त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. छातीवर पदक झळकलें. छातीच्या आंतली व्यथा मात्र त्यांची पाठ सोडीना.

१९२५ सालीं जिनिव्हाच्या करारानें अशा वायूंचा युद्धांतील वापर निषिद्ध ठरला. तयारी थांबली नाहीं. १९३० नंतर रावळपिंडीच्या लष्करी केंद्रांत ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं शेंकडों हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. गोऱ्या कातडीपेक्षां हिंदी कातडी अधिक भाजते काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. कित्येकांना रुग्णालयांत पडावें लागलें. २००७ सालीं ही हकीकत वृत्तपत्रांतून जगापुढें आली. भाजल्याच्या नोंदी सांपडल्या. परंतु पुढें त्या माणसांच्या प्रकृतीची तपासणी झाली नव्हती.

ही हयगय लहान नव्हे. मस्टर्डचे फोड कांहीं दिवसांनीं सुकतात, पण फुप्फुसें आणि डोळे वर्षानुवर्षें बिघडत जातात. इराणांतील सरदश्त शहरावर २८ जून १९८७ रोजीं या वायूचे बाँब पडले. तेथील माणसें अनेक दशकांनंतरहि धाप, खोकला व दृष्टीचे विकार सोशीत आहेत. नासलेलें फुप्फुस पूर्ववत् करील असें औषध नाहीं. श्वासाचीं औषधें, गरजेप्रमाणें प्राणवायु, डोळ्यांची नियमित तपासणी आणि मनाला धीर हीच खरी शुश्रूषा. आणि ती जन्मभर चालवावी लागते.

रासायनिक शस्त्रें नष्ट करण्याचा जागतिक करार १९९७ सालीं अंमलांत आला. भारतानें आपला साठा २००९ सालीं संपविला. पीडितांच्या साहाय्यासाठीं आंतरराष्ट्रीय योजना मात्र २०११ सालीं उभी राहिली. शस्त्रांची आठवण आधीं झाली, माणसांची चौदा वर्षांनीं!

पण दुसऱ्यांस बोल लावण्याचा अधिकार मला तरी कोठें आहे? माझ्या लहानपणीं आमच्या आळींत एक पेन्शनर शिपाईबोवा होते. रात्रभर त्यांचा खोकला ऐकूं येई. आम्ही मुलें म्हणूं, विडीचा खोकला! तो वायूचाच होता असें मी म्हणत नाहीं. परंतु, "बाबा, आपण कोणत्या मुलुखांत होतां, तेथें काय सोसलें?" असें त्यांना कोणीं कधीं विचारलें नाहीं. मींहि नाहीं.

आपल्या घरीं जुन्या पेटींत एखाद्या शिपायाचीं कागदपत्रें असतील, तर तीं जपून वाचावीं. आणि असा कोणी म्हातारा अजून हयात असेल, तर आज संध्याकाळींच त्याच्याजवळ जाऊन बसावें.