त्या वर्षी तिघं गेले

२००४ साली मी सातवीत होतो आणि लक्ष्मीकांत बेर्डेचा कट्टर फॅन होतो. केज तालुक्यातलं आमचं युसूफ वडगाव. गावात लाइट असेल तर टीव्ही, नसेल तर टेप, आणि टेपमधले सेल उतरले की गप्पा. १६ डिसेंबरला बेर्डे गेला. वय फक्त पन्नास. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही पोरं ‘झपाटलेला’मधले डायलॉग म्हणत होतो आणि मध्येच गप्प होत होतो. गुरुजींनीही त्या दिवशी कुणाला उठाबशा काढायला लावल्या नाहीत. अख्ख्या गावाला आपल्या घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

पण त्याच वर्षी आणखी दोन माणसं गेली होती. १५ मे रोजी वामनदादा कर्डक आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. त्या वेळी मला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. आवाज मात्र रोज ऐकत होतो. हा लेख त्याबद्दल आहे.

जूनमध्ये शाळा नुकतीच सुरू झाली होती. भीमनगरातला माझा एक वर्गमित्र त्या दिवशी उदास होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, “प्रल्हाद शिंदे गेले.” मी विचारलं, “कोण?” तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, “रोज सकाळी तुमच्या देवळात कोण गातंय मंग?”

आमच्या देवळाच्या भोंग्यावर पहाटे जी कॅसेट लागायची, तिच्यात पंढरीच्या वाटेचं ते गाणं होतं. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठक यांचं संगीत. ते सुरू झालं की घरात चहा व्हायचा. मला वाटायचं, हे गाणं कुणी गायलेलंच नाही, ते देवळाचंच आहे. १४ एप्रिलला भीमनगरात भोंगा लागायचा, त्यावर भीमगीतं. उरुसाच्या वेळी कव्वाल्या. तिन्ही भोंग्यांची तोंडं तीन दिशांना. त्यातून एकच गळा गात असेल, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?

प्रल्हाद शिंदे सुरुवातीला इस्माईल आझाद या कव्वालांच्या ताफ्यात साथीला गायचे. पुढं भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं, कव्वाल्या असं सगळं त्यांनी गायलं. आनंद आणि मिलिंद ही त्यांची मुलं, आदर्श हा नातू. आजच्या प्लेलिस्टमध्ये तुम्ही या घराण्याला ऐकलेलंच आहे. वामनदादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाळेत न गेलेला हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि त्यानं हजारो गाणी लिहिली.

हे आवाज आमच्या गावापर्यंत आणले कॅसेटनं. ध्वनिमुद्रिका महाग, ग्रामोफोन त्याहून महाग. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आणि स्वस्त टेप आले आणि चित्र पालटलं. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ साली भारतातल्या या बदलावर आख्खं पुस्तक लिहिलं. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि छोट्या-छोट्या बोलींमधली, जातीजमातींमधली गाणी बाजारात आली, असं त्यातलं सूत्र. आमच्यासाठी त्याचा अर्थ साधा होता. कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दुकानदाराला द्यायची आणि ‘भरून’ आणायची. चिठ्ठीवर गाण्याचे पहिले शब्द असायचे. गायकाचं नाव लिहायची गरजच पडत नसे. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. अशी भरून आणलेली कॅसेट देवळात गेली की तिच्यावरचं नाव गळून पडायचं.

एरवी आवाजाला जात नसते असं म्हणायला सोपं आहे. पण हा मराठवाडा आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. एका नावासाठी सोळा वर्षं. ज्या मुलखात नावावरून एवढं झालं, तिथं देवळातल्या गायकाचं नाव कुणी न विचारणं हा निव्वळ विसराळूपणा होता, असं मला वाटत नाही. नाव न विचारण्यात सगळ्यांची सोय होती.

त्या संध्याकाळी मी आजोबांना सांगितलं. ते माळकरी. म्हणाले, “त्यो गाणारा? त्यो तर माळकरी असंल.” मित्रानं सांगितलेलं सगळं मी सांगितलं. भीमनगरात वाजतात ती गाणीही त्यांचीच, हेसुद्धा. आजोबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “आवाज माळकऱ्याचाच हाय.” पुढं काही बोलले नाहीत.

आषाढी एकादशीला तेव्हा आठवडाही उरला नव्हता. शेगावची पालखी परळी, अंबाजोगाईवरून कळंबकडं कधीच पुढं गेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात तीच कॅसेट लागली. गाणारा गेला, हे भोंग्यावरून कुणी सांगितलं नाही. मीही पुजारीकाकांना सांगितलं नाही. बेर्डेसाठी डिसेंबरात रडलो, तेव्हा मात्र मला जूनमधला मित्राचा चेहरा आठवला नाही. तो कितीतरी वर्षांनी आठवला.

आता फॅन म्हणून माझं मत. बेर्डेच्या मरणानंतर सगळीकडं त्याचे विनोदी तुकडेच दाखवले गेले. ‘अशी ही बनवाबनवी’ मलाही पाठ आहे. पण त्याचं सगळ्यात मोठं काम १९९२चा ‘एक होता विदूषक’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर. तमाशातल्या सोंगाड्याची ती गोष्ट. लोकांना त्याचं हसवणं हवं असतं, माणूस नको असतो. तो सिनेमा लोकांनी फारसा उचलला नाही. प्रल्हाद शिंद्यांच्या बाबतीत आम्ही तेच केलं. गाणं घेतलं, गाणारा ठेवून दिला.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच गेले. ती बातमी मी त्याच रात्री टीव्हीवर पाहिली आणि पहिला फोन त्या वर्गमित्राला केला. तो पुण्यात कामाला होता. मी म्हणालो, “विठ्ठल उमप गेले.” तो म्हणाला, “तुला कसं कळलं ते कोण?”

देवळात आता पेन ड्राइव्ह आहे. गाणं तेच आहे. मोबाइलवर लावलं की गायकाचं नाव खाली येतं, फक्त वाचायचं असतं. मागच्या आषाढीला मी पेन ड्राइव्ह भरून दिला आणि फोल्डरला नाव दिलं, प्रल्हाद शिंदे. पुजारीकाकांच्या नातवानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे कोण?”

त्याला सांगायला मला बराच वेळ लागला. आरती तेवढी उशिरा झाली.