ऑर्गन रंगभूमीवर, अभंग चर्चमध्ये

नळ्यांचा ऑर्गन अवाढव्य, एकाच जागी जखडलेला. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. नळ्यांऐवजी धातूच्या रीड असल्याने हे वाद्य सुटसुटीत होते. याच कुळातील, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन पुढे मराठी संगीत नाटकात स्थिरावला. बालगंधर्वांच्या गायनाला त्याची साथ असे.

चर्चमध्ये मात्र वेगळाच प्रश्न होता : धर्म बदलला म्हणून भक्तीची भाषाही बदलावी का? मिशनऱ्यांच्या भाषांतरित गीतांना पाश्चात्त्य चाली होत्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती भजने रचून या प्रश्नाला उत्तर दिले. आजही मराठी चर्चमध्ये ती गायिली जातात.

चर्चचे वाद्य रंगभूमीने आपलेसे केले. संतांचा छंद चर्चने.