दोन वर्षं की चार महिने?

लंडन. उद्योजक सर ॲलन शुगरकडची नोकरी मिळवण्यासाठी उमेदवार झुंजतात, त्या बीबीसीवरच्या ‘द अप्रेंटिस’चं चौथं पर्व. हा भाग लोक २००८च्या जूनमध्ये बघतील. तुम्ही मात्र थेट त्यात शिरला आहात, तेही ली मॅक्वीन होऊन. सोळांपैकी पाच उमेदवार उरलेत. मासळी विकून झाली, लोकांचे कपडे धुऊन झाले, मोरोक्कोच्या बाजारात घासाघीस करून झाली. आज विकायला काहीच नाही. टेबलावर फक्त तुमचा बायोडेटा.

मुलाखत घेणारे सर ॲलन शुगरच्या विश्वासातले. त्यातला क्लॉड लिटनर एके काळी शुगरच्याच टॉटनहॅम फुटबॉल क्लबचा कारभार सांभाळायचा. ही माणसं हसत नाहीत, वाक्य पुरं करू देत नाहीत. त्यातली निम्मी गुरगुर कॅमेऱ्यासाठी, हे उघडच आहे. नोकरी देताना एरवी कुणी इतकं झापत नाही. टेरोडॅक्टिल या प्रागैतिहासिक उडत्या प्राण्याची नक्कल करता म्हणे? करून दाखवा! आणि चांगला सूट घातलेले तुम्ही हात पंखांसारखे पसरून चिरकता. हसं होतं, पण ते निभावतं.

निभावत नाही तो पुढचा प्रश्न. थेम्स व्हॅली विद्यापीठात किती काळ होता?

बायोडेटात दोन वर्षं लिहिलंय. तुम्ही गोलगोल बोलू लागता. घसा कोरडा, कानशिलं तापलेली. समोरचा आवाजही चढवत नाही. त्याला ठाऊक आहे: तुम्ही चार महिन्यांतच शिक्षण सोडलंत. शेवटी तुम्ही कबूल करता. आणि तुमचा धंदा कोणता? रिक्रूटमेंट! लोकांचे बायोडेटा चाळण्यावरच तुमचं पोट. झापणं चार दिवसांत विसरलं जातं. कुणीतरी तुमचा कागद खरंच पडताळून बघितला, ते मात्र झोंबतं.

संध्याकाळी बोर्डरूममध्ये सगळं सर ॲलनच्या कानावर जातं. आता आपला निकाल लागला, असं तुम्ही धरून चालता. पण हा माणूस स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडून व्हॅनमधून माल विकत मोठा झालेला. पदवीचं त्याला कसलं कौतुक? खोटं मात्र खोटंच, आणि माझ्या मते त्याने ते फार स्वस्तात सोडलं. घरी जाते ती पाचांतली ल्युसिंडा, रंगीबेरंगी बेरेट टोप्या घालणारी, त्याच्या लेखी जरा जास्तच हटके. तुम्ही अंतिम फेरीत पोचता, जिंकता, आणि वर्षाला एक लाख पौंडांची नोकरी पटकावता.

परतताना २०११च्या पर्वात डोकावून या. बक्षिसातली नोकरी गेली, आता बक्षीस म्हणजे अडीच लाख पौंडांचं भांडवल आणि धंद्यात शुगरची निम्मी भागीदारी. लिटनर तिथेही बसलाय, पुढ्यात कुणाचा तरी बिझनेस प्लॅन. नफ्याचा आकडा आला कुठून, एवढंच त्याला हवंय.