माल्कम, सर जॉन

(२ मे १७६९ – ३० मे १८३३). सेनानी, मुत्सद्दी, इतिहासकार आणि मुंबई इलाख्याचा गव्हर्नर (१८२७–३०). जन्म स्कॉटलंडमध्ये लँगमजवळ बर्नफुट येथे, सतरा भावंडांच्या ओढग्रस्त कुटुंबात. तेराव्या वर्षीच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत त्याची नेमणूक झाली. फौजेत असतानाच तो फार्सी शिकला आणि त्या भाषेच्या बळावर मुत्सद्देगिरीत शिरला. इराणकडे तीनदा वकिली (१८००, १८०८, १८१०). इराणचा इतिहास दोन खंडांत (१८१५).

दौलतराव शिंद्यांशी बऱ्हाणपूर येथे तैनाती फौजेचा तह (२७ फेब्रुवारी १८०४) त्यानेच केला. महिदपूरच्या लढाईत (२१ डिसेंबर १८१७) सर टॉमस हिस्लॉपच्या हाताखाली त्याने क्षिप्रा ओलांडून होळकरांवर चाल केली. लगोलग मंदसोरचा तह झाला (६ जानेवारी १८१८).

त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची शरणागती. असीरगडाजवळ खेरी येथे १ जून १८१८ रोजी दोघांची भेट झाली आणि ३ जूनला पेशवा इंग्रजांच्या छावणीत दाखल झाला. पेशवेपदावरील हक्क सोडून दख्खनबाहेर राहायचे आणि सालीना आठ लाख रुपये तनखा घ्यायचा, असे ठरले. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम अवाजवी वाटली. पावसाळा तोंडावर असताना युद्ध लांबले तर त्याहून जास्त खर्च होईल, असे माल्कमचे म्हणणे होते. मराठी अभ्यासकाला यात आकड्यापेक्षा काळ मोलाचा वाटतो : शंभराहून अधिक वर्षांच्या पेशव्यांच्या राज्यकारभाराचा शेवट तीन दिवसांत उरकला. तनखा वंशपरंपरागत होता की नाही, हा वाद पुढे बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी लढविला.

यानंतर चार वर्षे माळव्याची व्यवस्था. ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ त्यातूनच आला (१८२३).

मुंबईचे गव्हर्नरपद १८१९ मध्ये एल्फिन्स्टनला मिळाले, ते माल्कमच्या जिव्हारी लागले. हे पद त्याच्याकडे १ नोव्हेंबर १८२७ रोजी आले. पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यातून हजर करावे, असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम त्याच्या सरकारने अमलात आणू दिला नाही. त्यावर न्यायमूर्ती सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद ठेवले. प्रिव्ही कौन्सिलने कौल सरकारच्या बाजूने दिला. मुंबईबाहेरच्या रयतेवर कोर्टाची सत्ता किती, हा मूळ प्रश्न असल्याने या खटल्याचे महत्त्व चरित्रकारांनी दिले आहे त्याहून अधिक आहे.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात त्याने महाबळेश्वरची जागा घेतली (१८२९); तेथील पेठेस ‘माल्कमपेठ’ नाव पडले. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात सतीबंदीही लागू झाली.

डिसेंबर १८३० मध्ये पदत्याग. काही काळ पार्लमेंटचा सभासद. लंडन येथे मृत्यू. शिल्पकार चँट्रीने घडविलेला त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे.